बिल्ल्यापेक्षा भोकं खरं बोलतात

शिकागोत १७२८, नॉर्थ डेमन अव्हेन्यू या पत्त्यावर लुडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. १९६३ संपत आलं तेव्हा तिथल्या ड्रमवर नंबर असलेले बिल्ले लागायला सुरुवात झाली. बिल्ले डब्यात ओतलेले असायचे. जोडणी करणारा माणूस हात घालायचा, जो बिल्ला हाती येईल तो शेलवर, म्हणजे ड्रमच्या पोकळ गोल अंगावर, बसवायचा आणि पुढचा ड्रम घ्यायचा. नंबर ओळीनं जातायत की नाही याची फिकीर कुणाला असणार? साठ वर्षांनी कुणीतरी त्यावरून वय काढत बसेल हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. त्यामुळे एकाच खोक्यातून विकल्या गेलेल्या एकाच सेटमधल्या तीन ड्रमवर हजारोंच्या अंतराचे नंबर सापडतात. तरीसुद्धा जुना लुडविग स्नेअर, म्हणजे खालून तारा ताणलेला ड्रम, हाती लागला की बिल्ल्याचा फोटो काढून विचारला जाणारा प्रश्न ठरलेला असतो: नंबर अमुक, कुठल्या सालचा आणि किती येतील?

या प्रश्नाचे दोन तुकडे करावे लागतात. साल निघतं, पण दोन-तीन वर्षं अलीकडे-पलीकडे धरून, आणि तेही बिल्ला एकटा नाही सांगू शकत. किंमत ही वेगळीच भानगड आहे. साठ वर्षांचा ड्रम तीस वर्षांच्या ड्रमपेक्षा महाग असेलच असं नाही, आणि एकाच महिन्यात बनलेल्या दोन ड्रमच्या किमतीत चौपट फरक पडू शकतो. हा फरक बहुतेक वेळा ज्या गोष्टींमुळे पडतो त्या बिल्ल्याच्या फोटोत दिसतच नाहीत.

बिल्ल्यावरचं नाव मात्र उपयोगी आहे, कारण या घराण्याचा इतिहास वाकडातिकडा आहे. विल्यम आणि थिओबाल्ड या लुडविग भावांनी १९०९ मध्ये शिकागोत धंदा सुरू केला, तो ‘लुडविग अँड लुडविग’. १९२९ मध्ये तो कॉन कंपनीकडे गेला. थिओबाल्ड त्याआधीच वारला होता. विल्यम काही वर्षं कॉनकडे राहिला, मग बाहेर पडला आणि १९३७ मध्ये त्यानं स्वतःचा नवा कारखाना काढला. पण स्वतःचं आडनाव त्याला ड्रमवर घालता येईना, ते विकलेलं होतं. म्हणून नव्या ड्रमवर आद्याक्षरं आली: डब्ल्यूएफएल. १९५५ मध्ये त्यानं आपलं नाव कॉनकडून विकत परत घेतलं. तरी बिल्ले लगेच बदलले नाहीत, काही वर्षं जुनीच आद्याक्षरं चालली. म्हणजे डब्ल्यूएफएल दिसलं की ड्रम १९३७ ते साधारण १९५८-५९ मधला. ‘लुडविग अँड लुडविग’ दिसलं तर त्याच्याही आधीचा किंवा कॉनच्या काळातला, आणि असा ड्रम असेल तर स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून आधी जाणकार गाठावा.

१९६० च्या आसपास कीस्टोन बिल्ला आला: वर रुंद, खाली अरुंद, कमानीच्या मधल्या दगडासारखा आकार. सुरुवातीच्या तीनेक वर्षांच्या कीस्टोनवर नंबरच नाही, त्यामुळे कोरा कीस्टोन म्हणजे १९६० ते १९६३. नंबराचा कीस्टोन १९६३ अखेरपासून १९६९ पर्यंत. १९६९ मध्ये निळा-ऑलिव्ह बिल्ला आला, कोपरे टोकदार. १९७९-८० च्या सुमारास हेच कोपरे गोल झाले. १९८१ मध्ये कंपनी सेल्मरनं घेतली, १९८४ मध्ये उत्पादन नॉर्थ कॅरोलायनातल्या मन्रो गावी हललं आणि बिल्ल्यावरून शिकागो गेलं. टोकदार की गोल कोपरा, एवढ्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. खरेदीदाराला त्याचं फार सोयरसुतक नसतं, त्याचे डोळे पाहतात ते कीस्टोन आहे की नाही एवढंच.

नंबर चार-पाच आकडी असेल तर सुरुवातीचा, सहा आकडी असेल तर साठच्या दशकाच्या मध्यापासून पुढचा, दहा लाखांच्या वर असेल तर सत्तरच्या दशकातला. याहून बारीक कोष्टकं इंटरनेटवर मिळतात. ती बनली कशी हे लक्षात घेतलं तर त्यांच्यावर किती विसंबायचं ते कळतं. लुडविगच्या लाकडी शेलच्या आतल्या बाजूला लाल शाईचा तारखेचा शिक्का असायचा: महिना, दिवस, वर्ष. ज्या ड्रमवर शिक्काही स्पष्ट आहे आणि नंबरही आहे अशांची नोंद संग्राहकांनी वर्षानुवर्षं जमवली आणि त्यातून नंबर-साल अशी जोडी लावली. म्हणजे कोष्टक हा एक अंदाज आहे, आणि तो लाकडी ड्रमवरून काढलेला आहे. धातूच्या शेलवर सहसा असा शिक्का नसतो. त्यामुळे ज्या ड्रमबद्दल हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, त्यालाच तारखेचा आधार नाही.

तो ड्रम म्हणजे सुप्राफॉनिक, कॅटलॉगमधला नंबर ४००. चौदा इंच व्यास, पाच इंच उंची, दहा लग (पडदा ताणणारे रॉड ज्यांत फिरतात ते शेलवरचे धातूचे तुकडे), शेलच्या कमरेवरून गोल फिरणारी उठावदार रेघ. साडेसहा इंची उंच भावंडाचा नंबर ४०२, तो लेड झेपलिनच्या जॉन बॉनमनं वाजवला म्हणून सगळ्यांच्या ओठावर असतो. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकी रेकॉर्डिंगमध्ये ४०० इतका भरून आहे की ड्रम शिकणाऱ्याच्या कानात तो आवाज नाव कळण्याआधीच बसलेला असतो.

१९६० च्या आसपास तो ‘सुपर लुडविग’ या नावानं आला, तेव्हा शेल पितळी होतं आणि वर क्रोम. १९६३ च्या सुमारास पितळ गेलं, ॲल्युमिनियमची मिश्रधातू आली आणि ‘सुप्राफॉनिक’ हे नाव रूढ झालं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पितळी असेल तर भाव दुप्पट किंवा त्याहूनही वर जातो, म्हणून हा फरक ओळखता आलाच पाहिजे.

लोहचुंबक लावून बघ, असा सल्ला सगळे देतात. तो अर्धवट आहे. पितळ आणि ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला धरत नाहीत, तेव्हा चुंबकानं एवढंच कळतं की शेल लोखंडी पत्र्याचं नाही. शिवाय क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो आणि निकेल चुंबकाकडे ओढलं जातं. तगडा चुंबक थेट शेलवर टेकवला तर हाताला किंचित ओढ लागते आणि माणूस चांगला ड्रम ‘स्टीलचा दिसतोय’ म्हणून सोडून देतो. छोटा चुंबक दोऱ्याला बांधून शेलजवळ लोंबकळत सोडावा. स्टील असेल तर तो टपकन चिकटेल आणि काढताना जोर लागेल. नुसता कललाच तर ते निकेल. पितळ की ॲल्युमिनियम हे पाहायचं तर एक लग सोडवून स्क्रूच्या भोकाची कड टॉर्चच्या उजेडात बघावी. तिथे उघडा धातू दिसतोच: पिवळा म्हणजे पितळ, पांढुरका-करडा म्हणजे ॲल्युमिनियम. वजनही सांगतं, पितळ ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड. पण हातातल्या वजनात हूप (पडदा दाबून धरणारं कडं), लग, स्ट्रेनर (तारा ताणणारा आणि सैल करणारा खटका) सगळे मिसळलेले असतात, तेव्हा शेजारी दुसरा ड्रम नसेल तर हाताचा अंदाज फसवतो.

आता ड्रम उघडायचा. लागतं फार थोडं: ड्रम की (रॉड फिरवायची किल्ली), बऱ्यापैकी स्क्रू ड्रायव्हर, तो दोऱ्याचा चुंबक, टॉर्च, मोजपट्टी आणि एक सपाट जाड काच. काचेऐवजी ओट्याचा ग्रॅनाइट चालतो. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत, वॉशर कुठल्या रॉडला होता हे नंतर आठवत नाही. टेन्शन रॉड समोरासमोरचे घेत अर्धा-अर्धा फेरा सैल करावेत. एकाच बाजूचे सोडत गेलं तर हूपवर तिरका ताण येतो आणि जुना हूप वाकतो. गंजलेला रॉड हलत नसेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर तसाच ठेवावा. लग हे जस्ताच्या ओतीव मिश्रणाचे असतात, जबरदस्ती केली की तडकतात. दहा लगमधला एक तुटला की त्याच काळातला, त्याच चमकेचा जोडीदार शोधण्यात जे पैसे आणि महिने जातात, त्यापेक्षा एक रात्र थांबणं स्वस्त.

हेड, म्हणजे ड्रमचा पडदा, उतरलं की आत टॉर्च मारावा. शिकागोचं चारशे नंबरचं शेल अखंड असतं, सांधा कुठेही नाही. आतून उभी रेघ, झाळणीची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर बाहेर कीस्टोन बिल्ला असो वा आणखी काही, ते शेल शिकागोचं चारशे नाही. बिल्ला ज्या ग्रॉमेटनं बसवलेला असतो, म्हणजे हवेच्या भोकातली ती छोटी धातूची नळी, तिची आतली बाजूही बघावी. कारखान्याची ग्रॉमेट आतून सारखी उलटलेली असते, तिच्यावर तितकीच वर्षं बसलेली दिसतात जितकी शेलवर. चकचकीत ग्रॉमेट, ओबडधोबड ठोकलेली कड, बिल्ल्याभोवती उमटलेली वेगळ्याच आकाराची सावली: बिल्ला नंतर आलाय. नवे बनवलेले बिल्ले आणि ग्रॉमेट उघड विकत मिळतात. दुरुस्तीसाठी ते मिळावेतच, त्यात गैर काही नाही, पण वय ठरवताना बिल्ल्याला शेवटी का विचारायचं ते यावरून कळावं.

भोकं मात्र खोटं बोलू शकत नाहीत. धातूच्या शेलला एकदा पाडलेलं भोक कायमचं. बुजवता येतं, लपवता येत नाही, कारण आतल्या बाजूनं ते दिसतंच. ४०० च्या शेलला किती भोकं असायला हवीत हे मोजून ठेवावं: दहा लगची, स्ट्रेनरची, समोरच्या बट प्लेटची (तारांचं दुसरं टोक धरणारी पट्टी), हवेचं एक आणि आतल्या मफलरच्या, म्हणजे आवाज दाबणाऱ्या गादीच्या, खुंटीचं. या हिशेबाबाहेरचं प्रत्येक भोक काहीतरी घडल्याचं सांगतं. स्ट्रेनरच्या शेजारी वर-खाली दोन जास्तीची भोकं म्हणजे मूळ स्ट्रेनर तुटला आणि कुणीतरी हाताशी होता तो बसवला. शेलच्या मध्यावर समोरासमोर भोकं म्हणजे एखाद्या शाळेच्या बँडनं पट्ट्यानं गळ्यात अडकवायला हुक लावला होता. छोटं एकटं भोक, भोवती पांढरट चट्टा: कुणीतरी आत माईक बसवला होता. आवाजात या भोकांनी फरक जाणवणं कठीण, संग्राहकाच्या खिशाला मात्र लगेच जाणवतो. माझ्या हिशेबी एका जास्तीच्या भोकानं जितकी किंमत जाते तितकी कितीतरी ओरखड्यांनीही जात नाही. ओरखडे वापराचे असतात, भोक निर्णयाचं असतं.

उलटंही खरं आहे. भोकांचा मूळ संच शाबूत असेल आणि स्ट्रेनर नुसता बदललेला असेल, तर मूळ जातीचा स्ट्रेनर शोधून परत बसवता येतो. साठच्या दशकात सुप्राफॉनिकवर पी-८३ नावाचा स्ट्रेनर असायचा, १९७० च्या सुमारास त्याची जागा पी-८५ नं घेतली. कीस्टोन बिल्ला आणि पी-८५ अशी जोडी दिसली तर दोन शक्यता: एकतर ड्रम १९६९-७० च्या सांध्यावरचा आहे, कारण कारखाना हाताशी असलेला माल संपेपर्यंत वापरायचा, किंवा मागाहून बदल झालाय. कोणती शक्यता खरी ते नंबर सांगतो. नंबर १९६५ च्या आसपासचा असेल तर पी-८५ पाहुणा आहे. बिल्ल्याचा खरा उपयोग असा, इतर भागांशी ताडून पाहण्यापुरता. पी-८३ बऱ्याच ड्रमवर धड चालत नाही. खटका घसरतो, वाजवता वाजवता तारा आपोआप सैल होतात. म्हणूनच वाजवणाऱ्यांनी तो काढून फेकला आणि म्हणूनच आज सुटा पी-८३ शोधून विकत घेतला जातो.

हूपला चुंबक लावावा. साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचे हूप पितळी असत, मग स्टीलचे आले. पितळी हूप, कोरा कीस्टोन आणि भोकाच्या कडेला पिवळा धातू, या तिन्ही गोष्टी जुळल्या की पुढच्या दोन तासांचं काम हलकं होतं. दोन हूप वेगवेगळे निघाले तर खालचा बघावा. खालच्या हूपला तारांची पट्टी जायला खाच असते, वरच्याला नसते. खाचेच्या जागी कानशीनं घासलेलं दिसलं तर तिथे दुसऱ्याच ड्रमचा वरचा हूप बसवलाय.

मग शेल काचेवर पालथं ठेवून खोलीतला दिवा मालवावा आणि आत टॉर्च लावावा. वरच्या काठाखालून कुठेही उजेड झिरपता कामा नये. खालच्या काठाला तारांच्या जागी दोन बाजूंना उथळ, रुंद खोलगट भाग मुद्दाम केलेला असतो, तिथून उजेड येणारच, त्याला दोष समजू नये. इतरत्र उजेडाची फट दिसली तर ड्रम कधीतरी काठावर पडलाय. मोजपट्टीनं व्यास चार दिशांनी घ्यावा. मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर शेल अंडाकृती झालंय, हेड एकसारखं ताणलं जाणार नाही आणि सूर एका लगपासून दुसऱ्या लगपर्यंत धावत राहील.

राहता राहिला क्रोम, आणि सुप्राफॉनिकच्या मालकांचं खरं दुखणं तेच. ॲल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही. दमट हवा, घाम, बंद पेटीत कोंडलेली ओल, यांनी क्रोमखाली धातू खायला लागतो: आधी टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, मग फोड, मग पापुद्रे सुटून खाली करडा धातू उघडा. स्ट्रेनरच्या खाली आणि वरच्या काठाजवळ हे पहिल्यांदा दिसतं. पितळी शेलवर असं होत नाही, तिथे क्रोम झिजतं आणि पिवळं झळकतं. हा रोग ॲल्युमिनियमच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या ४०० ला कमी-जास्त असतोच, त्यामुळे थोडे ठिपके असलेला ड्रम ‘खराब’ म्हणू नये. पुन्हा क्रोम करून घेणं हा मात्र उपाय नाही. जुनं क्रोम उतरवताना आणि पॉलिश मारताना ॲल्युमिनियम घासलं जातं, काठाची धार बदलते, आणि झळझळीत नवा दिसणारा ड्रम संग्राहक हातही लावत नाहीत. आवाज आवडणाऱ्याला या ठिपक्यांशी देणंघेणं नसतं, म्हणून फोड आलेला ४०० वाजवणाऱ्यासाठी उत्तम सौदा आहे.

त्याहून उत्तम सौदा ॲक्रोलाइट. नंबर ४०४, आठ लग, बो-टाय आकाराचे. शाळेत ड्रम शिकणाऱ्या पोरांसाठी स्टँड आणि पेटीसकट विकला जायचा. साठच्या दशकात तो त्याच अखंड ॲल्युमिनियमच्या शेलवर बनायचा ज्यावर ४०० बनायचा. फरक इतकाच की वर क्रोम नाही, मंद चमकेचं ॲनोडायझिंग आहे. ॲनोडायझिंग हा धातूचाच कडक झालेला थर असल्यामुळे त्याला फोड येत नाहीत. अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या कपाटात हे ड्रम पडून राहिले, कारण पोरानं दोन वर्षांत बँड सोडला. शिकागो, न्यू जर्सी, बे एरिया या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना शनिवारच्या गराज सेलमध्ये काळी किंवा राखाडी चौकोनी पेटी दिसली तर ती उघडून बघायला काहीच हरकत नाही.

लाकडी ड्रमची कहाणी वेगळी आणि वय काढायला सोपी. आतला लाल शिक्का मिळाला तर प्रश्नच मिटला. नाही मिळाला तर आतला रंग बघावा: साठच्या दशकाच्या अगदी सुरुवातीपर्यंत पांढरा, मग १९६८ च्या सुमारापर्यंत करड्यावर ठिपके असलेला रेझाकोट, त्यानंतर नुसतं पारदर्शक वॉर्निश. वर-खाली आतून लाकडी कडं असेल तर सत्तरच्या दशकाच्या मध्याआधीचं तीन थरांचं शेल. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाबाबत एक लग सोडवून त्याखालचा रंग बघणं सोडू नये. उजेडानं वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो, त्यामुळे निळा चमकता रंग हिरवट दिसतो, पांढरा मोती सायीसारखा होतो. लगखाली मूळ रंग झाकून राहिलेला असतो. लगखाली आणि लगबाहेर रंग अगदी सारखाच निघाला तर आनंद नको, आवरण नवं असण्याची शक्यता जास्त. काळ्या ऑयस्टर मोत्याच्या आवरणाचा जॅझ फेस्टिव्हल, म्हणजे लुडविगचा लाकडी स्नेअर, असेल तर तपासणी दुप्पट कडक हवी, कारण तो रिंगो स्टारचा ड्रम. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात दिसले आणि लुडविगच्या मागण्या आभाळाला भिडल्या. जिथे मागणी तिथे नकली आवरण.

इतर घराण्यांबद्दल इथे थोडक्यातच. स्लिंगरलँडचा रेडिओ किंग घेताना काठ बघावा: मेपलच्या एकाच फळीला वाफेवर वाकवून केलेलं अखंड शेल असेल तर भाव, थर दिसले तर नुसतं नाव. ग्रेचचा गोल बिल्ला १९७१ पर्यंत, नंतर अष्टकोनी. ग्रेचच्या शेलला आतून रुपेरी रंग असतो. रॉजर्सच्या डायना-सॉनिकमध्ये तारा एका स्वतंत्र चौकटीत ताणलेल्या असतात. ती चौकट नसेल तर तो डायना-सॉनिक म्हणून विकत घेऊ नये. आणि लुडविगचा ब्लॅक ब्युटी म्हणून नक्षीकाम केलेला काळा पितळी ड्रम दाखवला गेला तर लग बघावेत. विसाच्या दशकातल्या ड्रमचे लग बारीक नळीसारखे असतात, सत्तरच्या दशकात पुन्हा काढलेल्या ड्रमवर सुप्राफॉनिकसारखे रुंद इंपीरियल लग असतात. दोघांच्या किमतीत हजारो डॉलरचं अंतर आहे.

मुंबई-पुण्यात किंवा गोव्यात जुना स्नेअर सापडला तर तो लुडविग असण्याची शक्यता कमी. जास्त शक्यता तिघांची: इंग्लंडचा प्रीमियर, साठ-सत्तरच्या दशकातला जपानी, किंवा मेरठचा. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. नादिर अली कंपनी १८८५ पासूनची. तिथले साईड ड्रम लग्नाच्या वरातीत आणि परेडमध्ये काम चोख करतात, पण ते कामाचे ड्रम आहेत, संग्रहाच्या बाजारात त्यांना भाव नाही. जपानी ड्रमचे लग लांबून लुडविगचे वाटतात. दोऱ्याचा चुंबक शेलला घट्ट चिकटला आणि आत उभा सांधा दिसला की विषय संपला. प्रीमियर मात्र नीट बघावा. १९२२ मध्ये सुरू झालेली ही कंपनी, लंडनचा कारखाना १९४० च्या बॉम्बवर्षावात गेल्यावर लेस्टरकडे गेली. तिचं ओतकाम आणि क्रोम अमेरिकी मालाहून सरस असतं असं मला वाटतं. अडचण वेगळी आहे: साधारण १९६८ च्या आधीची प्रीमियरची शेल ठरलेल्या मापाहून किंचित मोठी आहेत, आजचं चौदा इंची हेड त्यावर अडकतं किंवा बसतच नाही. टेन्शन रॉडचे आटेही अमेरिकी रॉडशी जुळत नाहीत. जोर करून अमेरिकी रॉड फिरवला की लगमधला नट गेला.

आणखी एक गोष्ट फक्त इथली. १९९१ पर्यंत आयातीवर कडक बंधनं होती, परदेशी वाद्याचा सुटा भाग मागवणं चैनीचं काम होतं. त्यामुळे इथे टिकलेल्या परदेशी ड्रमवर लेथवाल्यानं आटे पाडून दिलेले रॉड, स्थानिक क्रोम केलेले हूप, पितळी पट्टीतून घडवलेला खटका असं काहीही सापडतं. काम अनेकदा देखणं असतं. पण परदेशी खरेदीदार मूळ भाग मोजतो, आणि त्या हिशेबात हा ड्रम ‘वाजवण्याजोगा’ या खालच्या रांगेत जातो. असा ड्रम विकण्यापेक्षा वाजवावा.

किमतीचा आकडा काढताना मागितलेली किंमत बघू नये, झालेला सौदा बघावा. ईबेवर ‘विकलेले’ एवढीच यादी लावता येते, रिव्हर्ब या वाद्यांच्या ऑनलाइन बाजारातही मागचे व्यवहार दिसतात. सहा-सात झालेले सौदे काढून त्यांत आपल्या ड्रमसारखी अवस्था असलेले निवडावेत. अंदाजासाठी सांगायचं तर, अमेरिकेत साठच्या दशकातला, सगळे भाग मूळचे आणि थोडे ठिपके असलेला ४०० साधारण चारशे ते सातशे डॉलरच्या पट्ट्यात फिरतो. त्याच काळाचा ॲक्रोलाइट दोनशे ते चारशे. ४०२ नेहमी ४०० च्या वर. सुरुवातीचा पितळी सुपर लुडविग हजाराच्या आसपास किंवा पुढे. जास्तीची भोकं, बदललेला स्ट्रेनर, पुन्हा केलेलं क्रोम यांतलं काहीही असेल तर पट्ट्याच्या खालच्या टोकापासून खाली मोजायला सुरुवात करावी. अमेरिकेतून भारतात आणायचा तर टपाल आणि सीमाशुल्क मिळून ॲक्रोलाइटसारखा स्वस्त ड्रम स्वस्त राहत नाही. कुणी येणारं-जाणारं असेल तर हेड आणि हूप काढून शेल कपड्यांत गुंडाळून बॅगेत आणणं परवडतं. चौदा इंचाचं शेल मोठ्या सुटकेसमध्ये मावतं.

विकायचा असेल तर धुण्या-घासण्याची घाई नको. ॲक्रोलाइटला ब्रासो किंवा कुठलंही धातूचं पॉलिश लावलं तर ॲनोडायझिंगवर चकचकीत डाग पडतो आणि तो परत मंद होत नाही. त्याला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं पुरे, लगेच कोरडं करावं. ४०० चं क्रोम गाड्यांच्या क्रोम पॉलिशनं साफ होतं, पण फोडांवर जोरानं घासलं की पापुद्रे उडतात. लाल शिक्का असलेल्या लाकडी शेलच्या आत ओलं फडकं नेऊच नये, शाई पुसली जाते. जुनं हेड फाटलेलं असलं तरी टाकू नये, त्यावर कारखान्याचा छाप असेल तर ते ड्रमसोबत द्यावं. फोटोंत बिल्ला एक पुरे. आतली बाजू पूर्ण गोल फिरत चार फोटो, प्रत्येक भोक, स्ट्रेनर दोन्ही स्थितीत, खालचा काठ, आणि सगळ्यात वाईट फोडाचा जवळून एक. घेणारा जाणकार असेल तर तो नेमकं हेच मागणार आहे, आणि तो फोटो पहिल्यांदाच दिला की घासाघीस निम्म्यानं कमी होते.